ताटाआधीचा शब्द

"आधी शब्द," मी म्हणालो. "ताट कुठं पळून जात नाही."

ताट टेबलावरच होतं, पण माझ्या बाजूला. लोणी लावलेले पावाचे दोन तुकडे आणि सोलून अर्धं केलेलं उकडलेलं अंडं. माझी बायको सगुणा समोर बसली होती. तिचा डावा हात टेबलाच्या कडेवर होता आणि उजवा मांडीवर. तो उजवा हात आता आपण होऊन हलत नसे, कुणीतरी उचलून ठेवावा लागे. सकाळचे साडेआठ वाजले होते. मुलगी रिबेका सातलाच हॉस्पिटलात ड्यूटीवर गेली होती. शाळेला आठवड्याची सुट्टी होती, म्हणून आठ वर्षांची नात नेओमी आम्हा दोघांच्या मधल्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

"आजी, सांग ना. सोप्पंय," नेओमी म्हणाली. "अ…"

"नेओमी."

"सॉरी, आजोबा."

"आपलं उत्तर आपण द्यायचं. शेजारच्यानं ओठ हलवायचे नाहीत."

सगुणानं माझ्याकडं पाहिलं, मग ताटाकडं. तोंड उघडलं आणि मिटलं.

"काही घाई नाही," मी म्हणालो. "बस शांतपणे. आठव."

चाळीस वर्षं मी मिरजेला मिशनच्या शाळेत तिसरी-चौथीची पोरं शिकवली. एकाही पोरावर हात उचलला नाही. दुसरे मास्तर छड्या मारायचे, कान पिळायचे. मी थांबायचो. पोराला फळ्यापाशी उभं करायचं, हातात खडू द्यायचा आणि थांबायचं. घंटा झाली तरी थांबायचं. बाकीची पोरं डबे उघडायची, तरी थांबायचं. शेवटी उत्तर यायचंच. पालक म्हणायचे, कांबळे मास्तरांसारखा धीराचा माणूस पाहिला नाही. मलाही ते पटलेलं होतं.

आम्ही दोघं रिबेकाकडं गॉलवेला आलो ते नोव्हेंबरात. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे शहर. जावई आठवडाभर डब्लिनला नोकरीवर असत आणि शनिवारी घरी येत. नाताळाच्या आठवडाभर आधी सगुणा करंज्या लाटत होती. लाटणं तिच्या हातातून सुटलं. ती त्याच्याकडं बघत राहिली. रिबेका म्हणाली, "आई, काय झालं?" तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. समजतं सगळं, पण शब्द येत नाहीत. जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत येतं. त्यानंतर फारशी आशा धरू नका.

तीन महिने. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सतरा मार्चला खूण केली.

एकोणीस दिवस ती एक अक्षर बोलली नाही. विसाव्या दिवशी सकाळी नेओमी शाळेचे चित्रांचे पत्ते टेबलावर मांडून पाठ करत होती. तिची शाळा आयरिश माध्यमाची. तिथं डबाही आयरिशमध्ये उघडायचा आणि पाणीही आयरिशमध्ये मागायचं. त्या आठवड्यात त्यांना न्याहारीचे शब्द होते. पाव म्हणजे अरान. पाणी म्हणजे इश्के. लोणी म्हणजे इम. दुधाचं चित्र उचलून नेओमी म्हणाली, "बान्ये."

"बान्ये," सगुणा म्हणाली.

रिबेकाच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती आईच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी पुढं होऊन म्हणालो, "सगुणा, दूध म्हण. दू-ध." तिनं जीव खाऊन प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या. आलं नाही. नेओमीनं पुन्हा चित्र दाखवलं, तर पुन्हा स्वच्छ "बान्ये".

तिच्यावर उपचार करायला दर शुक्रवारी नोराबाई येत. बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलतं करायचं त्यांचं काम. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "असं कधी कधी होतं. पोरांबरोबर घोकलेलं आधी येतं. कुठल्या भाषेत येतंय ते बघू नका. येतंय ते धरा." आणि जाताना दारात म्हणाल्या, "तिच्या तोंडातला शब्द तुम्ही पुरा करू नका. थांबायला शिका."

मला म्हणे, थांबायला शिका! मी मनात हसलो.

दुसऱ्या दिवसापासून मी टेबलावर शाळा भरवली. विद्यार्थिनी दोन, एक आठ वर्षांची आणि एक चौसष्ट वर्षांची. वही आखली. नेओमीच्या पुस्तकावरून मी स्वतः रात्रंदिवस घोकून पुढं राहायचो. पोरगी हुशार. ती मलाच शिकवायची. एकदा म्हणाली, "आजोबा, यांची भूक पण आपल्यासारखीच असते. मी भुकेली आहे असं नाही म्हणत. माझ्यावर भूक आहे, असं म्हणतात. ता ओक्रस ओरम."

"वा!" मी म्हणालो. "म्हणजे भूक येऊन अंगावर बसते."

"मांजरासारखी," ती म्हणाली, आणि सगुणाही डाव्या गालानं हसली.

दिवस छान चालले होते. जानेवारी संपेपर्यंत सगुणाला नऊ शब्द येत होते. चित्र दाखवलं की शब्द यायचा. मग मी चित्र काढून घेतलं आणि खरा पदार्थ ठेवला. शब्द म्हटला की पदार्थ तिच्यापुढं सरकवायचा. नेओमीला हा खेळ फार आवडायचा.

फेब्रुवारीत गाडी अडली. सुटे शब्द यायचे, पण वाक्य येईना. मला वाक्य हवं होतं. 'मला भूक लागलीय, मला पाव द्या, कृपा करून.' ता ओक्रस ओरम, तोर दम अरान, माशे दो हल ए. हे एवढं आलं की पुढं पावाच्या जागी काहीही घालता येतं. भात, मासा, चहा. एकदा माणूस मागायला लागला की त्याचं जग उघडतं, असं मी रिबेकाला सांगायचो. ती थकलेली असायची. "हो पप्पा," म्हणायची आणि झोपायची.

तो दिवस गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी नोराबाई येणार होत्या. मी ठरवलं होतं, उद्या त्यांना वाक्य ऐकवायचं.

साडेनऊ झाले. सगुणा म्हणाली, "अरान."

"शाब्बास. आता पूर्ण. ता…" मी थांबलो.

"अरान," ती म्हणाली. हात पुढं केला. मी ताट आणखी माझ्याकडं ओढलं.

"आजोबा, ती म्हणाली की," नेओमी म्हणाली.

"काल म्हटलेलं आज चालत नाही. शाळेत तुला रोज तोच धडा देतात का?"

"नाही."

"मग?"

दहा वाजता चहा दिला, कारण चहाचा शब्द तिनं दिला होता. ताट उचलून मी खिडकीत ठेवलं, तिला बसल्या जागेवरून दिसेल असं. माझा उद्देश एवढाच, की डोळ्यापुढं वस्तू असली की शब्द सुचतो. मी ही युक्ती पोरांवर पुष्कळदा वापरली होती.

साडेबाराला वरण-भात टाकला. रिबेकानं मासे तळून ठेवले होते, ते गरम केले. घरभर वास सुटला. तीन ताटं वाढली आणि तिन्ही माझ्यापुढं ठेवली. प्रार्थना केली. नेओमीनं तिचं वाक्य एका दमात म्हटलं, मी ताट तिच्यापुढं केलं. तिनं चमचा उचलला नाही.

"जेव."

"आजी जेवल्यावर."

"आजी बोलल्यावर जेवेल. तुला येतंय, तू जेव."

"मला नकोय."

"नेओमी, हे बघ." मी अगदी मऊ आवाजात म्हणालो. मी कधीच आवाज चढवत नसे. "तू जेवली नाहीस तर आजीला वाटेल, नाही बोललं तरी चालतं. सगळे आपल्यासाठी थांबतात. मग ती कधीच बोलणार नाही. तुला तसं हवंय का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग तिच्याकडं बघत जेव."

ती जेवली. नाक वाहत होतं, भाताबरोबर ते गिळत होती. सगुणा तिच्याकडं बघत होती. मधेच सगुणानं डाव्या हातानं नेओमीच्या ताटातला माशाचा काटा बाजूला काढला, पोरीला लागू नये म्हणून. मग तो हात परत टेबलाच्या कडेवर नेऊन ठेवला.

मीही जेवलो. खरं सांगायचं तर मासा चांगला झाला होता.

"ता…" मी म्हणालो. "म्हण. ता ओ…"

"ता," सगुणा म्हणाली.

"बघ! येतंय. येतंय ना, नेओमी?"

"ता," सगुणा म्हणाली. "ता. ता. ता." आणि तिनं मूठ टेबलावर आपटली. वाटीतलं वरण हिंदकळलं.

"रागावून येत नाही, सगुणा. रागावलं की आहे तेही जातं. बस."

मी तिचं ताट झाकून खिडकीत सकाळच्या ताटाशेजारी ठेवलं.

तीन वाजता मी जरा डोळे मिटले असतील. उठलो तेव्हा स्वयंपाकघरात आवाज झाला. जाऊन बघतो तो नेओमी खुर्चीवर चढून खिडकीतलं ताट काढत होती, आणि सगुणाच्या तोंडात पावाचा तुकडा होता. गाल फुगलेला. मला बघताच तिनं चावणं थांबवलं.

मी नेओमीला खाली उतरवलं. मग सगुणापाशी गेलो, तिच्या हनुवटीखाली हात धरला आणि म्हणालो, "दे."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"सगुणा, उद्या बाई येणार आहेत. दिवस किती राहिलेत ठाऊक आहे का तुला? सत्तावीस. तुला आयुष्यभर मुकी राहायचंय का? दे."

ती देईना. मग मी दोन बोटं घालून तो तुकडा काढला. अर्धा ओला झाला होता. वर लोणी लागलेलं होतं. तो बशीत ठेवला आणि हात धुतले.

नेओमी आतल्या खोलीत पळाली. तिनं दार लावून घेतलं. मी खुर्ची ओढून सगुणासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लावून.

"आता आपण दोघंच," मी म्हणालो. "मला कुठं जायचं नाही."

पाऊण तास गेला असेल. बाहेर शेजाऱ्यांची गाडी आली, गेली. सगुणानं एकदा डोळे मिटले, मी तिच्या गालावर हळूच थोपटलं. एकदा तिनं पाण्याच्या भांड्याकडं हात नेला. मी भांडं उचलून वर ठेवलं. तिचे ओठ सुकले होते. ते एकमेकांना चिकटायचे आणि सुटताना बारीक आवाज व्हायचा.

मग तिनं पाठ सरळ केली. माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि एका दमात, एकही अक्षर न गाळता म्हणाली, "ता ओक्रस ओरम. तोर दम अरान, माशे दो हल ए."

मी ओरडलोच. तिचे दोन्ही हात धरले, कपाळाचा मुका घेतला. "नेओमी! अगं, ये बाहेर! आजी बोलली!" ताटं खाली काढली, भात गरम करायचंही सुचलं नाही. तसाच पुढं ठेवला. सगुणा जेवायला लागली. मान वर न करता, भराभर, डाव्या हातानं. शितं टेबलावर सांडत होती, ती बोटानं गोळा करून तोंडात घालत होती. सकाळचं अंडं खाल्लं, गार मासा खाल्ला. बशीतला तो ओला तुकडाही उचलून खाल्ला.

मी रिबेकाला वॉर्डात फोन लावला. "पूर्ण वाक्य!" म्हणालो. ती फोनवर रडली. वॉर्डच्या मुख्य सिस्टरनं तिला लवकर सोडलं. सहाच्या सुमाराला ती अंगावर कामाचा निळा गणवेश असतानाच धावत आत आली.

"आई, बोल ना! मला ऐकव ना गं!"

सगुणा गप्प. मी म्हणालो, "असं नाही. ताट लागतं." मी रात्रीचं ताट वाढलं आणि पुढं ठेवलं. सगुणानं लगेच पाठ सरळ केली आणि वाक्य म्हटलं. रिबेका हसली, रडली, तिनं मोबाइल काढला. "पुन्हा म्हण आई, मिरजेला पाठवते. सगळे काळजीत आहेत." सगुणानं पुन्हा म्हटलं. "आता रिबू म्हण. फक्त रिबू. म्हण ना."

काही नाही.

"बरं, असू दे. जेव आता. गार होतंय."

सगुणा जेवेना. ताट तिच्या अगदी पुढ्यात होतं. तिनं वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. मग माझ्याकडं बघितलं. रिबेकाकडं नाही, माझ्याकडं. मी मान डोलावली. तेव्हा तिनं चमचा उचलला.

रिबेकाचा मोबाइल हातातच राहिला. "पप्पा, हे काय आहे?"

"सवय लागलीय. चांगली सवय आहे."

"आजोबांनी आजीला सकाळपासून जेवायला दिलं नाही," नेओमी म्हणाली. ती दारात उभी होती. "मी पाव दिला, तर तोंडातून काढला. पाणी वर ठेवलं."

सगुणाच्या चमच्याचा तेवढा आवाज.

"बाईच म्हणाल्या होत्या," मी म्हणालो, "थांबायला शिका म्हणून."

"दहा सेकंद म्हणाल्या होत्या, पप्पा." रिबेकाचा आवाज खोल गेला. "मी दारात होते. मनात दहापर्यंत मोजा, नाही आला शब्द तर आपण म्हणा आणि देऊन टाका. असं म्हणाल्या होत्या. तुम्ही ऐकलं होतं."

मी ऐकलं होतं. पण दहा आकड्यांत कुठं कुणाला काही येतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

"बोलली की नाही, ते सांग," मी म्हणालो.

"आईनं कधी मागितलंय का हो तुमच्याकडं?" रिबेका म्हणाली. "आठवून बघा. आपण सगळे उठल्यावर चुलीपुढं बसून जे उरलं असेल ते खायची. मला वाढा असं त्या बाईच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नाही. आणि तुम्ही तिला…" ती आईच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिच्या मांडीवरचा तो उजवा हात धरून राहिली. सगुणा जेवत होती. लेकीकडं तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नोराबाई आल्या. रिबेकानं मला खोलीतच बसायला सांगितलं होतं. दारातून त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. जाताना कोट घालता घालता त्या दारातून माझ्याकडं बघत राहिल्या, अपघात पाहिल्यावर माणूस बघतो तसं.

सतरा मार्च आला आणि गेला. मे महिन्यात आम्ही दोघं मिरजेला परतलो. नेओमी विमानतळावर आजीला चिकटून राहिली. मला तिनं लांबून हात केला.

सगुणा चार वर्षं जगली. दिवसातून तीनदा, ताट पुढं आलं की पाठ सरळ करून ते वाक्य म्हणायची. ताटात पाव नसे, भाकरी असे, तरी वाक्य तेच. म्हटल्याशिवाय घास उचलायची नाही, आणि म्हटल्यावर मी मान डोलावेपर्यंत थांबायची. मी परगावी गेलो तर पुतणीला सांगून ठेवावं लागे. आमच्या गल्लीतल्या पोरांना मौज वाटायची. ती हातात बिस्किट घेऊन खिडकीशी यायची, "आजी, विंग्रजी बोला!" सगुणा बोलायची. पोरं हसून हसून लोळायची आणि बिस्किट घेऊन पळायची. ती हात पुढं करून बसलेली असायची. मी पोरांना हाकलायचो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा यायची. त्या वाक्याखेरीज दुसरा एकही शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. अगोदरचे नऊही गेले. मला ती 'अहो' म्हणायची, तेही नाही.

शेवटच्या आठवड्यात तिला दवाखान्यात ठेवलं होतं. दुसऱ्यांदा झटका आला होता, जीभ पार जड झाली होती. त्या दुपारी नर्स म्हणाली, "आता पथ्य नाही, मास्तर. काय मागतील ते द्या. निदान पाण्याचे चार चमचे जाऊ देत, घसा सुकलाय."

मी चमचा भरून ओठांशी नेला. सगुणानं ओठ घट्ट मिटले. मग उशीवर मान सरळ करायचा प्रयत्न केला, आणि जीभ टाळूला लावली.

"नको," मी म्हणालो. "काही म्हणू नकोस. घे नुसतं. सगुणा, घे गं."

तिनं मान हलवली. नाही. पुन्हा जीभ उचलली. घशातून खरखर आली, शब्द आला नाही. मी चमचा कलंडला. पाणी बंद ओठांवरून हनुवटीवर गेलं, तिथून उशीवर. मी दुसरा चमचा भरला. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. उत्तर येतंय, थोडं थांबा, असं सांगणारी नजर होती. तिसरीच्या वर्गात मी ती हजारदा पाहिली आहे.

मी थांबलो. दुसरं काय करणार?

नर्स परत आली तेव्हा तिनं आधी सगुणाची नाडी पाहिली, मग माझ्या बोटांतून चमचा सोडवून घेतला. तो भरलेलाच होता.